खुर्ची नागपूरची, टीम पुण्याची

मिहानच्या विशेष आर्थिक क्षेत्रातला संगणक कागदोपत्री भारतात नसतो. म्हणजे असतो तो खापरीच्या पुढे, आपल्या नागपुरातच. पण २००५ च्या एसईझेड कायद्यानं हे क्षेत्र देशाच्या सीमाशुल्क हद्दीबाहेरचं मानलं आहे. तिथं आलेल्या यंत्राला आयात शुल्क माफ, आणि म्हणूनच ते यंत्र कुंपणाबाहेर काढायचं तर नोंद, परवानगी, हिशेब. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आयटी कंपन्यांपुढचा पहिला प्रश्न ‘लोक घरी काम करतील का’ हा नव्हताच. डेस्कटॉप त्यांच्या घरी न्यायचा कसा, हा होता. सरकारनं घाईघाईनं सवलती दिल्या, आणि एरवी गेटवर पेनड्राइव्हही बाहेर जाऊ न देणाऱ्या कंपन्यांनी मॉनिटर, सीपीयू आणि केबलची गुंडाळी लोकांच्या हाती दिली.

कॉल सेंटरवाल्यांची अडचण निराळी होती. दूरसंचार खात्याच्या नियमांत घरून काम करणाऱ्या एजंटसाठी स्वतंत्र परवानगी, सुरक्षा अनामत आणि सुरक्षित जोडणीच्या अटी होत्या. त्या मार्च २०२० मध्ये तात्पुरत्या शिथिल झाल्या, ५ नोव्हेंबर २०२० च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांत बहुतेक गळून पडल्या आणि जून २०२१ मध्ये आणखी सैल झाल्या. त्यात क्लायंट वेगळाच. अमेरिकन बँकेचं काम असेल तर ते ठरावीक ओडीसीतच, म्हणजे त्या क्लायंटसाठी राखून ठेवलेल्या दालनातच, मोबाइल बाहेर ठेवून करायचं, असं करारात लिहिलेलं. प्रत्येक क्लायंटकडून घरून कामाची लेखी संमती आणेपर्यंत मॅनेजर लोकांची झोप उडाली होती.

हे सगळं आधी मांडायचं कारण असं, की घरून कामावर बोलताना आपण तो कर्मचारी आणि साहेब यांच्यातला भांडणाचा विषय करून टाकतो. एक म्हणतो, विश्वास नाही. दुसरा म्हणतो, शिस्त नाही. मोठ्या कंपनीत या दोघांच्या मध्ये सीमाशुल्क, करसवलत, क्लायंटचा करार आणि विमा एवढी मंडळी बसलेली असतात. एसईझेडमधल्या लोकांना घरून काम करू देण्याचा सविस्तर नियम, ४३-अ, १४ जुलै २०२२ ला आला. त्यात निम्म्याच लोकांना आणि एकाच वर्षापुरती मुभा होती. त्याच वर्षीच्या ८ डिसेंबरला तो बदलून सगळ्यांना ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत परवानगी मिळाली, मग आणखी एक वर्ष. मिहानमधल्या मॅनेजरनं ‘जा, आज घरून कर’ म्हणायचं तर त्याच्या मागे अधिसूचनांची ही अशी साखळी असते.

तरीही ते जमलं, आणि सगळ्यात मोठ्या प्रमाणावर जमवलं ते टीसीएसनं. मिहानमध्ये तिचं मोठं संकुल आहे, त्यामुळे नागपूरकरांना ही गोष्ट परकी नाही. मार्च २०२० च्या अखेरीस कंपनीत ४ लाख ४८ हजार माणसं होती. त्यातली सुमारे नव्वद टक्के काही आठवड्यांत घरून कामाला लागली. या व्यवस्थेला कंपनीनं ‘सिक्युअर बॉर्डरलेस वर्कस्पेसेस’ असं भारदस्त नाव दिलं आणि लगोलग जाहीर केलं, की २०२५ पर्यंत कोणत्याही वेळी पंचवीस टक्क्यांहून जास्त लोकांना कार्यालयात असण्याची गरज उरणार नाही आणि कुणालाही आपला पंचवीस टक्क्यांहून जास्त वेळ तिथं काढावा लागणार नाही. ‘पंचवीस-पंचवीस’ची ही घोषणा बरीच गाजली.

जमलं याचं कारण लॅपटॉप नव्हे. काम आधीच तुकड्यांत वाटलेलं होतं. एकाच प्रकल्पाची माणसं चेन्नईत, पुण्यात, नागपुरात आणि अमेरिकेत बसतात हे त्या धंद्यात वीस-पंचवीस वर्षं चालूच होतं. रात्रपाळीचा माणूस सकाळच्या माणसाला भेटत नाही, त्याच्यासाठी नोंद ठेवून जातो. या नोंदी जरा जवळून बघाव्यात. एक नोंद अशी असते: ‘रात्रीचा जॉब फेल, बघून घे.’ दुसरी अशी: ‘२.१० ला जॉब फेल. फाइल अर्धीच आली होती. क्लायंटला मेल टाकलाय, उत्तर यायचंय. तोवर पुन्हा चालवू नकोस, रेकॉर्ड दोनदा चढतील.’ पहिल्या नोंदीवर सकाळचा माणूस रात्रीच्या माणसाला झोपेतून उठवतो. दुसरीवर उठवत नाही. ज्या टीमला दुसऱ्या प्रकारची नोंद लिहायची सवय होती, तिला कार्यालयातून घरी जाणं म्हणजे फक्त पत्ता बदलणं होतं. ज्या टीमचा कारभार ‘अरे, इकडे ये जरा’वर चालत होता, तिच्या दिवसाचे आठ तास ‘टीम्स’ या अ‍ॅपवरच्या कॉलांत गेले.

मग पंचवीस-पंचवीसचं काय झालं? ऑक्टोबर २०२३ पासून टीसीएसनं बहुतेकांना आठवड्याचे पाचही दिवस बोलावलं. एप्रिल २०२४ मध्ये हजेरी पगारातल्या बदलत्या भागाला, व्हेरिएबल पेला, जोडली: ८५ टक्क्यांहून अधिक हजेरी असेल तरच पूर्ण, ६० ते ७५ मध्ये निम्मा, ६० च्या खाली शून्य. विप्रोनं नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्याला तीन दिवस ठरवले. इन्फोसिसनं महिन्याला दहा दिवसांचा हिशेब धरला आणि मार्च २०२५ पासून तो थेट हजेरीच्या सिस्टीममध्येच बसवला. तीन मोठ्या कंपन्या आणि तीन निरनिराळी मापं. त्यातलं कोणतं माप नागपूरच्या माणसाला परवडतं, ते पुढे येईलच.

लोकांना परत बोलावण्याचा टीसीएसचा निर्णय अगदीच पोकळ नव्हता. जून २०२२ पर्यंत तिथली माणसं सहा लाखांवर गेली होती. म्हणजे फार मोठा वर्ग असा, की ज्यानं कंपनीचं कार्यालय आतून पाहिलेलंच नव्हतं. कॅम्पसमधून निवड झाली, लॅपटॉप कुरिअरनं आला, जॉइनिंग व्हिडिओवर झालं. रामटेकच्या किंवा वरोऱ्याच्या पोट्ट्यानं दोन वर्षं वरच्या खोलीत काढली आणि त्याला टीममधल्या लोकांचे चेहरे फक्त प्रोफाइल फोटोतून माहीत. अशा माणसाला काम येतं, पण काम कसं अडतं आणि अडल्यावर कोण सोडवतो, हे कळत नाही. ते शिकवणीत नसतं. शेजारच्या खुर्चीवरचा सीनियर फोनवर क्लायंटला काय उत्तर देतो, हे कानावर पडून कळतं. अमेरिकेत एका मोठ्या कंपनीतल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरांचा अभ्यास झाला आहे. त्यात एकाच इमारतीत बसणाऱ्या नवख्यांना त्यांच्या कोडवर जास्त शेरे, जास्त सूचना मिळाल्या. मात्र त्याची किंमत सीनियरांनी मोजली: शिकवण्यात वेळ गेला, त्यांचं स्वतःचं काम कमी झालं. म्हणजे सीनियरला घर सोयीचं आणि नवख्याला कार्यालय. दोघांना एकच नियम लावला की एकाचं नुकसान ठरलेलं.

या विषयावर भरपूर संशोधन झालं आहे, आणि वरवर पाहिलं तर ते एकमेकांना छेद देतं. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम यांनी चीनच्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या शांघायमधल्या कॉल सेंटरात २०१०-११ मध्ये प्रयोग केला. घरून काम करायला तयार असलेल्यांतून ज्यांची जन्मतारीख सम ती माणसं घरी आणि विषम ती कार्यालयात, असे दोन गट पाडले. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली आणि नोकरी सोडणं निम्म्यावर आलं. याच्या उलट चेन्नईत डेटा एन्ट्रीच्या कामावर असाच चिठ्ठीपद्धतीचा प्रयोग झाला, त्यात घरी बसवलेल्यांची उत्पादकता १८ टक्क्यांनी कमी भरली. आणि भारतातल्या एका मोठ्या तंत्रज्ञान कंपनीतल्या दहा हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा निराळंच दिसलं: घरून कामाच्या काळात तास वाढले, काम किंचित कमी झालं, म्हणजे ताशी उत्पादकता ८ ते १९ टक्क्यांनी घसरली.

आता खरं कोणतं? तिन्ही खरी. शांघायच्या एजंटला विमानाचं तिकीट काढून द्यायला शेजाऱ्याची गरज नव्हती. कॉल येतो, संपतो, मोजला जातो. त्याला घरची शांतताच हवी होती. चेन्नईत काही फरक पहिल्याच दिवसापासून दिसला आणि उरलेला कार्यालयातले लोक लवकर शिकले त्यामुळे पडला. सॉफ्टवेअरवाल्यांचं दुखणं तिसरंच होतं. त्यांचा वेळ बैठकांत आणि समन्वयात जास्त जाऊ लागला, सलग बसून काम करायचे तास आटले, आणि साहेबाशी समोरासमोर दोन मिनिटं बोलणं कमी झालं. म्हणून ‘घरून काम बरं का कार्यालयातून’ या प्रश्नाला उत्तरच नाही. ज्याचं काम दुसऱ्यावर जितकं अडतं, तितकं त्याला घर महाग पडतं. एकाच कंपनीच्या एकाच मजल्यावर दोन्ही प्रकारची माणसं बसलेली असतात, आणि लाखो लोकांसाठी एक धोरण काढणाऱ्या एचआरला नेमकं हेच दिसत नाही.

सीट्रिपच्या प्रयोगातली एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. घरून चांगलं काम करणाऱ्यांना, कामगिरीच्या मानानं, बढत्या कमी मिळाल्या. आणि प्रयोग संपल्यावर घरी असलेल्यांपैकी सुमारे निम्मे आपणहून कार्यालयात परतले. एकटेपणा सोसवला नाही. अप्रायझलच्या वेळी मॅनेजरला आठवतो तो माणूस, ज्याच्याबरोबर चहा घेतला. यात दुष्टावा नाही, साधी माणसाची आठवण आहे. पण कंपनीनं त्यावर तोडगा काढला नाही, तर घरून कामाची मुभा म्हणजे बढतीच्या रांगेतून गुपचूप बाजूला करणं होतं, आणि त्यात बायका आधी सापडतात. २०१७ मध्ये सुधारलेल्या मातृत्व लाभ कायद्यात, रजा संपल्यावर कामाचं स्वरूप तसं असेल आणि मालकाशी जुळलं तर घरून काम करता येईल, अशी तरतूद आली. मालकाची राजीखुशी हवी असल्यानं ती किती वापरली जाते, हा भाग वेगळा.

कंपन्यांना घरून काम आवडू लागलं तेव्हा ‘लोक टिकतात’ हे कारण पुढे केलं जाई, म्हणून टीसीएसचेच आकडे पाहू. वर्षभरात नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण मार्च २०२१ ला ७.२ टक्के होतं, सप्टेंबर २०२२ ला २१.५ टक्क्यांवर गेलं, आणि कार्यालयात परतल्यावर मार्च २०२४ ला १२.५ टक्क्यांवर उतरलं. म्हणजे घरी असतानाच गळती आधी तळाला होती आणि मग कळसाला पोचली. बाजारात नोकऱ्यांचा पूर आला होता, हे मुख्य कारण. पण नागपुरात बसून आणखी एक गोष्ट दिसत होती. पूर्वी पुण्याची कंपनी सोडून बंगळुरूची धरायची म्हणजे डिपॉझिट, सामान, नवी मेस, घरच्यांची समजूत. आता मनीषनगरातल्या त्याच टेबलावर एक लॅपटॉप कुरिअरला परत द्यायचा आणि दुसरा उघडायचा. ज्या व्यवस्थेनं राहणं सोपं केलं, तिनंच सोडणंही सोपं केलं.

ब्लूम यांनी त्याच कंपनीत, आता तिचं नाव ट्रिप डॉट कॉम, २०२१-२२ मध्ये दुसरा प्रयोग केला. यात १,६१२ पदवीधर कर्मचारी होते, इंजिनिअर, मार्केटिंगवाले वगैरे. निम्म्यांना बुधवार आणि शुक्रवार घरून काम. कामगिरीत आणि बढत्यांत फरक पडला नाही, पण नोकरी सोडणं एक तृतीयांशानं घटलं. आधी कुरकुरणारे मॅनेजरही शेवटी अनुकूल झाले. जगभरच्या कंपन्यांनी हायब्रिड, म्हणजे काही दिवस घरून आणि काही दिवस कार्यालयातून काम, उचललं त्याला या निकालानं मोठा आधार दिला. आणि इथंच नागपूरच्या माणसाची पंचाईत होते.

शांघायमध्ये राहणाऱ्याला आठवड्याचे दोन दिवस वाचले म्हणजे दोन दिवसांचा प्रवास वाचला. हिंजवडीच्या रांगेत अडकणाऱ्या पुणेकरालाही तसंच. नागपूरच्या ज्या पोट्ट्याचं बेस लोकेशन पुणे आहे, त्याला दोन दिवस घरी म्हणजे वाकडच्या खोलीत, तीन जणांत एका टेबलावर. आठवड्याला तीन दिवस हजेरी म्हणजे भाडं पूर्ण, डबा पूर्ण, आई-वडील सातशेहून अधिक किलोमीटर दूर ते दूरच. ऑगस्ट २०२५ मध्ये अजनी-पुणे वंदे भारत सुरू झाली तरी ती एका बाजूला बारा तास घेते. समृद्धी महामार्गही जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. त्यानं मुंबई जवळ आली, सोमवारची हजेरी नाही. दिवाळीच्या तोंडावर ट्रॅव्हल्सच्या तिकिटाचा भाव काय होतो, हे विदर्भातल्या कुणाही बापाला विचारा.

म्हणून मला तीन मापांतलं महिन्याचं माप जास्त शहाणपणाचं वाटतं. महिन्याचे दहा दिवस सलग काढू दिले, तर माणूस दहा दिवस पुण्याला जाऊन टीमबरोबर बसेल आणि उरलेले दिवस धंतोलीतल्या आपल्या घरी. तिमाहीचा हिशेब असेल तर आणखी बरं. आठवडा हे एकक शहराच्या आत राहणाऱ्यांसाठी बनलेलं आहे. कंपनीला दहा दिवसांत जे हवं ते, म्हणजे ओळख, नवख्यांची शिकवणी, अवघड चर्चा, हे सुटेसुटे दहा दिवस मिळून जमत नाही. सलग दिवसांत जमतं. अट एवढीच, की त्या दहा दिवसांत अख्खी टीम तिथं असावी.

ही अट पाळली जात नाही, आणि बहुतेक ठिकाणी घोडं तिथंच अडतं. मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल. परसोडीच्या आयटी पार्कात पर्सिस्टंट आणि इतर. ‘गावाकडे बदली’ मागणाऱ्यांना यातली एखादी खुर्ची मिळते. खुर्ची नागपूरची, पण टीम पुण्याची, मॅनेजर चेन्नईचा, क्लायंट डॅलसचा. मग गडी सकाळी मेट्रोनं खापरीला उतरतो, स्वाइप करतो, क्युबिकलमध्ये हेडफोन चढवतो आणि दिवसभर टीम्सवर बोलून संध्याकाळी परत येतो. आजूबाजूला बसलेले तीसेक जणही असेच आपापल्या कॉलवर. ‘काहून बाप्पा, कॉलवरच बोलाचं होतं त घरी काय वाईट होतं?’ हा बापाचा सवाल बिनतोड आहे. त्याला एचआरकडे उत्तर नाही. हजेरी भरली, शेजार भरला नाही.

यावरचा उपाय खर्चाचा नाही, डोकेदुखीचा आहे: बदल्या माणसांच्या न करता कामाच्या करायच्या. एका क्लायंटचं एक अख्खं काम, मॅनेजरसकट, नागपूरला द्यायचं. मग आठवड्याचे दोन-तीन दिवस ठरवून सगळ्यांनी मिहानला यायचं, उरलेले दिवस घरी, आणि मेट्रोचा अर्धा-पाऊण तासही कुणाला जड जात नाही. आडकाठी येते ती मॅनेजरची. आपल्या हाताखालची माणसं चार शहरांत पसरलेली असणं हे त्याच्या पदाचं लक्षण झालं आहे, आणि तो स्वतः नागपूरला यायला तयार नसतो.

दुसरी गोष्ट वेळेची. लवचीक वेळ म्हणजे हवं तेव्हा काम, असं जाहिरातीत असतं. प्रत्यक्षात सकाळी दहाची स्टँडअप बैठक इकडच्यांची आणि रात्री साडेनऊची तिकडच्यांची. मधला वेळ ‘तुझाच आहे’. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीवर, घरात एकच एसी आणि तो आजीच्या खोलीत. बाहेरच्या खोलीत कूलर, आणि त्याचा घरघराट डॅलसपर्यंत ऐकू जातो. म्हणून कॉलवर बोलायची पाळी आली की कूलर बंद, बोलणं झालं की चालू. हे हसण्यासारखं असलं तरी खर्चाचंच कलम आहे. कार्यालयाची वीज, एसी, जनरेटर आणि खुर्ची कंपनीनं घरून कामात कर्मचाऱ्याच्या माथी टाकली, आणि बहुतेकांना त्याचा भत्ता दिला नाही. तासांचंही तेच. २०२५ मध्ये इन्फोसिस घरून जास्त वेळ काम करणाऱ्यांना सावध करणारे मेल पाठवत असल्याच्या बातम्या आल्या, दिवसाला सव्वानऊ तासांची मर्यादा धरून. मेलनं किती फरक पडतो ते सोडा. पण तास कमी पडण्यापेक्षा जास्त होणं ही अडचण आहे, हे एका मोठ्या कंपनीनं मान्य केलं हे महत्त्वाचं. रात्रीचा कॉल ज्याला आहे त्याचा सकाळचा स्टँडअप माफ, एवढा साधा नियमसुद्धा टीममध्ये लिहून ठेवलेला नसतो.

उलट बाजूला पाळत. टीम्सवरचा हिरवा ठिपका, कीबोर्डच्या हालचाली, दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो. याचं फळ म्हणजे माऊस हलवत ठेवणारी यंत्रं. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेनं २०२४ मध्ये कीबोर्डची खोटी हालचाल दाखवल्याबद्दल डझनभराहून अधिक लोकांना काढलं. हालचाल मोजली की माणसं हालचाल पुरवतात. मोजायचं तर पूर्ण झालेलं काम मोजा, हे सगळे म्हणतात. अवघड असं की त्यासाठी काम सुरू होण्याआधी ‘पूर्ण’ म्हणजे काय हे मॅनेजरला लिहावं लागतं. बरेच मॅनेजर ते लिहू शकत नाहीत, म्हणून खुर्ची मोजतात.

नोकरी शोधणाऱ्या नागपूरच्या मुलामुलींनी मुलाखतीत ‘डब्ल्यूएफएच आहे का’ विचारून काही हाती लागत नाही. उत्तर ‘हो’च येतं. विचारायचं ते हे: टीम कोणत्या शहरात आहे, मॅनेजर कुठं बसतो, हजेरीचा हिशेब आठवड्याचा की महिन्याचा, आणि पहिले सहा महिने शिकवणार कोण. मग ऑफर लेटरमधलं बेस लोकेशन बघायचं. त्याच्याच खाली दोन ओळींवर बहुधा आणखी एक वाक्य असतं, की कंपनी तुमची बदली तिच्या कोणत्याही कार्यालयात करू शकते. २०२३ मध्ये लाखो लोकांना परत बोलावताना कुणाला फारशी हरकत घेता आली नाही, ती या वाक्यामुळे. घरून काम हे मेलमधून आलं होतं. पत्रावर पुणेच होतं.